मंदाकाकूंची बंद दुपार

मंदाकाकूंच्या घरात धड काठाचा एकही कप नव्हता. चहा ओतण्याआधी त्या पातेल्याचा काठ कपाच्या काठावर टेकवायच्या, टण्ण आवाज व्हायचा आणि मग चहा पडायचा. त्या टण्णपायी सगळ्या कपांचे टवके उडालेले. नवीन आणले तरी त्यांची तीच गत. मी एकदा म्हटलं, "काकू, एखाद्याचा ओठ कापेल हो." तर म्हणाल्या, "मग तुझ्या घरी पी, शुभा. तिथं साखर बी कमी असती." उत्तर तयारच असायचं. त्यांच्याशी बोलण्यात कुणी जिंकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हिरावाडीत आमची दारं समोरासमोर. मी घरीच शिकवण्या घेते, त्यामुळे दिवसभर घरात, आणि काकूही दिवसभर घरात. त्यांचे यजमान केव्हाच गेलेले. मुलगा सचिन अंबडला कंपनीत, सून पल्लवी एका पतसंस्थेत, आणि नात स्वरा. काकूंचं माहेर मखमलाबादचं, माळ्याचं. भावाच्या मळ्यात गुलाब, झेंडू, शेवंती. तो सकाळी पंचवटीत फुलं टाकायला आला की एक पिशवी बहिणीच्या दाराला अडकवून जायचा. मग काकू दारातच फतकल मारून हार ओवायला बसायच्या. हाराकडे बघायच्याच नाहीत. जिन्यातून कोण गेलं, कुणाच्या घरी कसली फोडणी बसली, सगळीकडे लक्ष, आणि बोटं आपली चालू. फूल चाचपायचं, देठ नखानं खुडायचा, सुई घालायची. हार असा बांधेसूद की बघत राहावं. कौतुक केलं तर म्हणायच्या, "एवढंच येतं गं मला. बाकी सगळा उजेड."

तो बाकीचा उजेड सगळ्या भावकीला पाठ होता. काकूंचं नावच 'वेंधळी मंदी'. लहानपणी सागरगोटे झेलता यायचे नाहीत म्हणून मुली खेळायला घ्यायच्या नाहीत. सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी नणंदेला बघायला पाहुणे आले. नव्या सुनेनं चहा ओतला तो कपात न जाता थेट मुलाच्या वडिलांच्या मांडीवर. माणूस उडालाच. ते स्थळ पुढे जमलं नाही. आता स्थळं काय चहाने मोडतात होय? पण सासूबाईंनी खापर फोडलं ते हिच्यावरच. त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर ट्रे घेऊन जायची काकूंना बंदी. सासूबाई जाईपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतच राहिल्या. हे सांगताना काकू हसायच्या आणि पाहुणा कसा उडाला त्याची नक्कलही करायच्या. मला मात्र दरवेळी त्या सासूचा राग यायचा.

रस्ता ओलांडणं हे एक प्रकरणच होतं. येणारी रिक्षा लांब आहे की अंगावर आली, हे त्यांना उमगायचंच नाही. पण त्यावरचा त्यांचा इलाज बघण्यासारखा होता. पंचवटी कारंजाच्या चौकात उभं राहायचं, शेजारी जो कुणी असेल त्याचा दंड धरायचा आणि हुकूम सोडायचा, "ए दादा, मला पलीकडं ने." एकदा असा एक सफारीवाला माणूस सापडला. निमूटपणे यांना पलीकडे घेऊन गेला. पोचल्यावर काकूंनी विचारलं, "तुला कुठं जायचंय बाबा?" तो म्हणाला, "मावशी, मी अलीकडंच बसची वाट बघत होतो. ती काय, चालली." काकू ओशाळल्या असतील असं वाटलं का तुम्हाला? छे! "मग आता मलाच परत ने, म्हणजे तुझी बी वाट नीट होईल," म्हणून त्याला घेऊन परत अलीकडे आल्या. काम राहिलंच. घरी येऊन हे मला सांगताना हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं बाईंनी.

स्वरा या आजीच्या पदरालाच बांधलेली होती. शाळेतून आली की आजी, जेवण आजीच्या हातचं, झोप आजीच्या कुशीत. चित्रात रंग भरताना हिचा रंग रेघेच्या बाहेर, चेंडू टाकला की हातात न येता तोंडावर. पल्लवी म्हणायची, "आजीवर गेलीय." सगळे हसायचे, काकूसुद्धा.

स्वरा पहिलीत असताना शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि सगळ्यांचं हसू थांबलं. पोरीचे डोळे दिसायला टपोरे, सरळ, कुठे तिरळेपणा नाही. पण उजवा डोळा झाकला की डाव्याला फळ्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरच काय ते दिसत होतं. पल्लवी आणि सचिन तिला घेऊन कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी सांगितलं, हा आळशी डोळा. डोळ्याचा नंबर लहानपणापासून जास्त, त्यामुळे तिकडून येणारं चित्र धूसर. मेंदूनं ते घ्यायचंच सोडून दिलं आणि सगळं काम चांगल्या डोळ्यावर ढकललं. चष्मा लावायचा, आणि रोज काही तास चांगला डोळा झाकून ठेवायचा, म्हणजे दुबळ्याला काम करणं भाग पडेल. हे जे काय करायचं ते आत्ताच. पोर सात-आठ वर्षांची होईपर्यंत डोळ्याला वळण लागतं, पुढे पुढे अवघड होत जातं.

काकू त्या दिवशी दवाखान्यात नव्हत्या. त्यांना घरी आल्यावर पल्लवीनं चपला काढता काढता सांगितलं, "आई, रोज शाळेतून आल्यावर उजव्या काचेवर ही पट्टी चढवायची. मी येईपर्यंत काढायची नाही." चष्म्यावर घालायची कापडाची पट्टी होती, फुलपाखरांची. काकू बरं म्हणाल्या.

पहिले काही दिवस आमच्या मजल्यावर नुसता आकांत. पोर धडपडायची, दाराच्या चौकटीला आपटायची, ताटातली भाजी सापडायची नाही, टीव्हीवरचं कार्टून दिसायचं नाही. "आजी, काढ ना गं! मला नाही दिसत!" माझ्या शिकवणीची मुलं गणित सोडून माना वळवून बघायची. आणि मग एके दिवशी सगळं शांत झालं. मला वाटलं, झाली सवय. मी पल्लवीला म्हटलंसुद्धा, "बरं झालं बाई, रुळली." स्वरा पट्टी लावून छान चित्रं काढायची, माझ्याकडे येऊन धडा वाचून दाखवायची. पल्लवी खूष.

डॉक्टरीणबाई मात्र खूष नव्हत्या. दोनदा तपासलं, डोळा होता तिथेच. दुसऱ्यांदा तर अंमळ मागेच गेलेला. "पट्टी रोज लावता ना?" त्यांनी विचारलं. पल्लवी म्हणाली, "रोज. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत." घरी आल्यावर ती रडली. पोरीची वर्षं सरत चालली होती आणि डोळा काही हलत नव्हता.

पुढच्या खेपेला पल्लवीला रजा मिळेना, सचिनची पाळी बदलेना. म्हणून काकू निघाल्या, आणि काकूंना कुणीतरी धरायला हवं म्हणून मी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी स्वराला सहज म्हटलं, "पट्टी लावून काय काय करतेस गं तू?"

"चित्रं काढते. वाचते."

"अरे वा! आणि दिसतं नीट?"

"आजी पट्टी या डोळ्यावर घालते ना, मग दिसतं," स्वरानं डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "आई यायच्या आधी परत त्या डोळ्यावर करते. ते आमचं गुपित आहे."

पट्टी कुठल्या डोळ्यावर आहे हे मीही कधी नीट बघितलं नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. त्या मात्र अगदी सरळ बसल्या होत्या. काही चुकल्याची खूण चेहऱ्यावर नाही. उलट डॉक्टरीणबाईंनाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "बाई, रागावू नका. तुमचं शिक्षण मोठं. पण आम्ही शेतकरी मानसं. जोडीतला एक बैल थकला तर आमचे दादा त्याला सावलीत बांधायचे, वैरण घालायचे. दुबळ्याला कुणी औताला जुंपतं का? तुम्ही धडधाकट डोळा झाकता आन दुबळ्याला राबवता. पोर रडती, आपटती. मला नाय बघवलं. म्हनून मी दुबळ्याला इसावा दिला."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं, कारण काकूंना भांडणाची सवय होती. डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आजी, हा डोळा थकलेला नाही. याला कधी कुणी कामच लावलेलं नाही. झाकून ठेवला की मेंदू त्याला आणखी विसरतो. तुम्ही त्याला सावलीत बांधलंत खरं, पण तो तिथेच बसून राहणार, कायमचा."

"कायमचा म्हंजे?"

"मोठेपणी अंदाज येत नाही. ओतलेलं बाहेर सांडतं, पायरी चुकते, फेकलेलं झेलता येत नाही, गाडी किती लांब आहे ते कळत नाही. लोकांना वाटतं माणूस वेंधळं आहे."

स्वरा खुर्चीवर पाय हलवत होती. मग काकू म्हणाल्या, "माझा बी बघा जरा."

बघितला. एक डोळा झाकला तर भराभर सगळ्या ओळी वाचल्या. दुसरा झाकला आणि काकू गप्प. "वाचा आजी," म्हटलं तर म्हणाल्या, "काय वाचू? तिथं काय हाय?" समोर हाताएवढं अक्षर होतं. साठीला आलेली बाई, एका डोळ्यानं जन्म काढला, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "लहानपणी कळलं असतं तर झालं असतं काहीतरी. आता नाही आजी."

रिक्षात काकू पार रविवार कारंजापर्यंत बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "म्हंजे मी वेंधळी नव्हते." मी म्हटलं, "नव्हताच काकू." थोड्या वेळानं, स्वराला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी खालच्या आवाजात, "आन हिला मीच करत होते." मी त्यांचा हात धरून बसले. तोंडाचा पट्टा सतत चालू असलेल्या बाईला गप्प बघणं मला अजिबात सोसत नाही.

संध्याकाळी त्यांनी स्वतः होऊन मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. आमची दारं उघडीच असतात, मला ऐकू आलं. सचिन ओरडला. पल्लवी ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "आई, मी तुमच्या भरवशावर होते." आणि आत जाऊन कणीक मळायला लागली. काकू मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "शिव्या घातल्या असत्या तर मी बी दोन हाणल्या असत्या गं. ह्या वाक्याला काय उत्तर देऊ?"

आता यापुढची खरी गोष्ट. पल्लवीला नोकरी सोडता येत नव्हती. पाळणाघरवाली म्हणाली, असली पट्टीबिट्टी लावून मी मुलांना सांभाळत नाही, पडलं-बिडलं तर कोण निस्तरणार? फिरून फिरून भोपळे चौकात. पोर काकूंच्याच हातात राहिली. ज्या बाईला ते बघवत नव्हतं, तिनंच ते रोज करायचं.

या वेळी पट्टी चिकटवायची होती, थेट कातडीवर. स्वरा ती ओढून काढायची आणि जिन्यातून पळायची. तशा डोळ्यानं जिना म्हणजे कपाळमोक्षच. म्हणून काकू आतून कुलूप घालायला लागल्या. शाळेची रिक्षा आली की काकू नातीला घेऊन आत जायच्या आणि कडी, कुलूप. दारात हार ओवणं संपलं. फुलांची पिशवी दाराला लटकून दुपारपर्यंत सुकून जायची. गुरुवारचं भजन सुटलं, भावाकडे जाणं सुटलं. एप्रिलचं ऊन, तिसरा मजला, वर गच्ची तापलेली, आणि आत त्या दोघी. बंद दारापलीकडून मला सगळं ऐकू यायचं. आधी रडणं, मग पाय आपटणं, मग, "तू वाईट आहेस! आधीची आजी चांगली होती! आईला सांगते!" काकू म्हणायच्या, "सांग. आईनंच सांगितलंय." मग भांडं पडल्याचा आवाज.

पोरीला तरी काय कळणार? इतके दिवस गुपितात सामील असलेली आजी एका रात्रीत उलटली होती. ती काकूंच्या हातचं जेवेना, त्यांच्याजवळ झोपेना.

एकदा मी त्यांच्या जिन्याकडच्या खिडकीतून म्हटलं, "काकू, आज अर्धा तास कमी करा. फार रडतेय हो." खिडकीच्या गजांपलीकडे त्यांचा चेहरा घामानं डबडबलेला. म्हणाल्या, "तू बी तेच? मी तसंच केलं ना आधी, ती रडती म्हनून? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत हाय बाई. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला हाय, पन मला तरी कुठं बाहेर जाता येतंय?" आणि खिडकी लावून घेतली. मला राग आला. खरं तर कुणाचा आला तेच समजेना.

मग त्यांनी फुलं आत घेतली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दुबळ्या डोळ्याला जवळचं, बारीक काम द्या. काकूंनी आधी मोठे टपोरे झेंडू दिले आणि बोथट दाभण. स्वरानं पिशवी उधळून दिली. काकूंनी चाचपत चाचपत खाटेखालची फुलं गोळा केली आणि परत समोर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत उधळली, परत ठेवली. कधीतरी पोर कंटाळूनच ओवायला लागली. दाभण फुलाच्या शेजारून हवेतच जायचं. पण ते कसं हुकतं हे काकूंइतकं कुणाला ठाऊक? त्या म्हणायच्या, "चाचपू नको. मी चाचपते, तू बघ. बघून घाल." झेंडूनंतर शेवंती आली, शेवंतीनंतर मोगरा. स्वरा ओवायची, पण आजीशी बोलायची नाही. दोघी समोरासमोर मुक्यानं हार करत बसलेल्या मी पाहिल्यात.

याच दिवसांत काकूंच्या भाच्याचं लग्न आलं, मखमलाबादला. घरचं कार्य, सगळं माहेर गोळा झालेलं, मीही होते. स्वराला नवा परकर-पोलका, आणि डोळ्यावर पट्टी. जो भेटेल तो विचारी, "काय लागलं गं डोळ्याला?" पोर पल्लवीच्या पदरात तोंड लपवायची. भाऊ म्हणाला, "मंदे, आजचा दिस राहू दे की. फोटो काढायचेत." वहिनी म्हणाली, "शुभकार्यात असं पोरीला..." पल्लवीसुद्धा म्हणाली, "आई, एक दिवस..." मलाही वाटलं, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?

काकू म्हणाल्या, "मी असे लय एक-एक दिवस केले." पोरीला उचललं आणि कार्यालयाच्या मागच्या खोलीत गेल्या, जिथे आहेराच्या पिशव्या आणि तेलाचे डबे ठेवले होते. मंगलाष्टका सुरू झाल्या, अक्षता पडल्या, बँड वाजला. सख्ख्या भाच्याच्या डोक्यावर या आत्याची अक्षता पडली नाही. मी त्यांच्यासाठी ताट घेऊन गेले तर आत दोघी डब्यांच्या मध्ये बसलेल्या. स्वरा रडून थकलेली. काकूंनी आपल्या नव्या पैठणीच्या पदरावरचा मोर तिच्यासमोर धरला होता आणि विचारत होत्या, "ह्याच्या पिसाऱ्यात ठिपके किती? सांग. चुकलीस तरी चालंल." पोर चिडून बोट ठेवून ठेवून मोजत होती. मी ताट ठेवलं आणि निघून आले. तिथे थांबले असते तर रडले असते.

डोळा हलला. आधी एक ओळ, मग मध्येच थांबला, मग आणखी दोन. पूर्ण उजव्याइतका नाही झाला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान आला, आता पट्टी बंद, चष्मा मात्र ठेवा. त्या दिवशी पल्लवीनं सगळ्या मजल्याला पेढे वाटले. स्वरा आता माझ्या शिकवणीतल्या मुलांबरोबर खाली चेंडू खेळायची आणि झेलायची. काकूंकडे मात्र ती पूर्वीसारखी गेली नाही. चांगली वागायची, "हो आजी," "नको आजी," पाहुण्यासारखी. काकू म्हणाल्या, "लेकरू हाय. तुरुंगातल्या शिपायाच्या गळ्यात कुणी पडतं का?"

मग सचिनची बदली चाकणला झाली. सामान बांधायला सुरुवात झाली आणि मला वाटत होतं काकूही निघणार. त्या निघाल्या नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पल्लवी 'चला' म्हन्ली. एकदाच म्हन्ली. दोनदा म्हन्ली असती तर गेले असते." मी म्हटलं, "मग तुम्ही तोंड उघडून सांगायचं ना! एरवी तर जगाला ऐकवता." तर म्हणाल्या, "आता नाय जमत बाई." नंतर त्या भावाच्या मळ्यात राहायला गेल्या. फ्लॅट भाड्यानं दिला.

पण मला त्या आठवतात त्या सचिनचं बिऱ्हाड निघालं त्या सकाळच्या. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. फाटकापाशी गाडी उभी होती. स्वरानं वाकून आजीला नमस्कार केला, आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर मागच्या सीटवर जाऊन बसली. काकू माझ्या शेजारी, फाटकाला धरून उभ्या. गाडी निघाली, गल्लीच्या टोकाशी वळणावर थांबली. मागच्या खिडकीतून स्वराचं डोकं बाहेर आलं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत डोळ्यांवर घेतला, आणि उजव्या काचेवर आपला तळवा गच्च दाबून धरला. आमच्याकडे डाव्या डोळ्यानं बघत राहिली. आणि ओरडली, "आजी! तू दिसतेस! शुभाताईच्या शेजारी! तू रडतेयस!"

गाडी वळली.

काकूंचाही हात वर गेला होता. मला वाटलं निरोपासाठी. पण त्यांनी तो आपल्या चांगल्या डोळ्यावर ठेवला होता आणि दुसऱ्यानं त्या गल्लीकडे बघत होत्या. गल्ली रिकामी झाली तरी हात खाली येईना.

"गेली का गं?" त्यांनी मला विचारलं.

"गेली काकू."

"मला काय बी नाय दिसलं," त्या म्हणाल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या.